नाव नसलेलं बटण

धोंड्याच्या जेवणाला दाजी पाटावर बसले होते, आणि मी त्यांच्या तोंडासमोर मोबाइल धरून विचारलं, "दाजी, कलर कसा वाटतोय?"

पंगत गप्प झाली. तूप वाढायला आलेली माझी बायको हातात चमचा घेऊन तशीच उभी राहिली. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. त्यांचा उजवा डोळा काचबिंदूनं कधीच गेलेला. डाव्यालाही समोरचं काही दिसत नव्हतं. फक्त बाहेरच्या कोपऱ्यात, कानाच्या अंगाला, चार बोटांएवढी नजर उरली होती. आता हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांना सोलापूरला दोनदा मीच नेलं होतं. पण नवी वेबसाइट केलेला माणूस आणि नवा नवरदेव यांना समोर कोण आहे ते दिसत नाही, असं माझं मत आहे. माझ्याबाबतीत तरी ते खरं ठरलं.

दाजींनी मान हळूच उजवीकडं वळवली, मोबाइलचा उजेड त्या उरलेल्या कोपऱ्यात घेतला आणि म्हणाले, "झकास हाय." मग पुरणाचा धोंडा मोडून तुपात बुडवला. पंगत पुन्हा बोलायला लागली.

आई-वडील गेल्यावरही दर अधिक मासात जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालायची रीत माझ्या बायकोनं सोडली नाही. त्या दिवशी जावई घरचा देव असतो. आणि देवानं ताटावर बसून खोड काढायची नसते, हेही दाजी पाळत. दाजी निवृत्त मास्तर. सासुरवाडीत मीठ कमी असलं तरी कधी मागून घ्यायचे नाहीत. मागितलं तर वाढणारीची चूक चारचौघांत दिसते, असं त्यांचं म्हणणं. हा त्यांचा गुण मला तेव्हा फार आवडायचा.

मी दाखवत होतो ती वेबसाइट उमरग्यातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्याची होती. उमरग्यात माझं संगणकाचं दुकान आहे. फॉर्म भरणं, सातबारा काढून देणं, लग्नपत्रिका आणि अधूनमधून कुणाची वेबसाइट. या दवाखान्यात काचबिंदूचे डॉक्टर सोलापूरहून महिन्यातून एकदाच यायचे, चाळीस लोकांना तपासायचे आणि परत जायचे. पूर्वी नंबर लावायची पद्धत साधी होती. पहाटेच्या गाडीनं यायचं, दवाखान्याच्या पायरीपासून रांगेत आपली एक चप्पल ठेवायची आणि समोर चहा प्यायला बसायचं. चप्पल माणसाची जागा धरायची. दाजीही तसंच करत. अक्का बरोबर असायची, पण रांगेत चप्पल ते स्वतः ठेवायचे आणि तिथं परत येऊन पायानं चाचपून आपली ओळखायचे. दर महिन्याला डॉक्टर डोळ्यातला दाब बघत, थेंब बदलून देत. ती चार बोटांची नजर त्या थेंबांवर टिकून होती. डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितलेलं, एवढी सांभाळा, महिना चुकवू नका.

त्या चार बोटांत काय मावत होतं म्हणाल तर अक्का मावत होती. ती कायम त्यांच्या डाव्या अंगाला असायची. चालताना डावीकडं, जेवताना डावीकडं. लग्नातल्या फोटोत ती उजव्या बाजूला आहे, पण पुढं तिनं जागा बदलली. तिच्या साडीचा रंग त्यांना कळायचा, तेवढा एक रंग.

तर दवाखान्याच्या मालकांना त्या चपलांची लाज वाटत होती. आपल्या दारात चपलांची रांग बरी दिसत नाही म्हणाले. मी म्हणालो, ऑनलाइन करून टाकू. मग मी जी काही वेबसाइट केली, तिला तोड नव्हती. उघडली की डोळा उघडल्यासारखं वर्तुळ उघडायचं. फोटो आपोआप सरकायचे. नंबर लावायचा फॉर्म कोपऱ्यातून तरंगत यायचा. हे सगळं स्क्रिप्टवर चालायचं. स्क्रिप्ट म्हणजे पान उघडल्यावर मोबाइलला मागून पाठवलेल्या सूचना: हे हलव, ते दाखव, इथं थांब. त्या सूचना पोचल्या तरच फॉर्म दिसायचा. माझ्या दुकानात त्या डोळ्याचं पातं लवायच्या आत पोचत.

शिवाय दवाखान्याचा कंपाउंडर म्हणाला, औषध दुकानवाले एकदम दहा-दहा नंबर लावून ठेवतील आणि पेशंटला विकतील. म्हणून मी फॉर्मच्या खाली वाकडीतिकडी इंग्रजी अक्षरं बसवली. ती ओळखून लिहायची, म्हणजे समोर माणूस आहे, मशीन नाही हे सिद्ध होतं. डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर हवा असेल तर आधी वाकडी अक्षरं वाचून दाखवा, असा नियम मी केला आणि त्यात काही विचित्र आहे हे मला, मालकांना, कंपाउंडरला, कुणालाच वाटलं नाही. दवाखान्याच्या दारावर पाटीही मीच छापून लावली: नंबर फक्त वेबसाइटवरच मिळेल. चपला ठेवू नयेत.

महिना गेला, दोन महिने गेले. एक दिवस कंपाउंडर दुकानात आला. वेबसाइटची मागची बाजू उघडून आम्ही कुणी किती वेळा प्रयत्न केला ते बघत होतो. एका मोबाइल नंबरानं एकाच सकाळी अकरा वेळा फॉर्म भरलेला, अकराही वेळा अक्षरं चुकीची. कंपाउंडर म्हणाला, "हा कुणीतरी चाळा करतोय. मशीन असणार, न्हाईतर दारू प्यालेला."

मी हसलो. म्हणालो, दारू प्यालेला असता तर एखादं तरी अक्षर बरोबर आलं असतं. आणि तो नंबर कायमचा बंद करून टाकला. मग चहा मागवला.

पूर्वी माणसांना आपल्या माणसांचे नंबर पाठ असायचे. आता माझ्या मोबाइलमध्ये ते फक्त "दाजी" होते. समोरच्या यादीत नावं येत नव्हती, नुसते दहा आकडे होते.

भाऊबीजेला मी अक्काकडं गेलो. त्यांचं गाव नळदुर्गपासून आत. अक्कानं ओवाळलं, मी तिला साडी दिली. दुकानदारानं दाखवली त्यातली सगळ्यात पिवळी मी मुद्दाम निवडली होती, दाजींना दिसावी म्हणून. हे मी साडी देताना बोलूनही दाखवलं. चांगलं काम केलं की ते बोलून दाखवायची मला खोड आहे. अक्का आत जाऊन ती नेसून आली. ओसरीवर दाजींच्या डाव्या अंगाला बसली. त्यांना पाण्याचा तांब्या दिला आणि नेहमीसारखी गप्प राहिली. ते आधी साडी ओळखायचे आणि मग ती बोलायची, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा खेळ.

दाजी पाणी प्याले, तांब्या खाली ठेवला आणि मला म्हणाले, "अक्का कुठं गेली रं तुझी? बघू दे की साडी."

ती त्यांच्यापासून हातभर अंतरावर होती. तिनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघायला पाहिजे होतं, पण मी तांब्याकडं बघितलं. मग तिनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "ही काय इथंच. आतून आत्ताच आले." तिचा आवाज अगदी साधा होता. उठून आत गेली, आणि आत गेल्यावर भांड्यांचा आवाज काही आला नाही. पाहुण्याच्या घरात सणाच्या दिवशी चुलीपाशी आवाज नसणं मला सहन होत नाही.

मी विचारलं, डॉक्टरांकडं कधी गेला होता. दाजी म्हणाले, तीन महिने झाले, नंबर लागत न्हाई. लई गर्दी दिसते तुझ्या वेबसाइटवर. त्यात कौतुकाचा सूर होता, तो मला अजून बोचतो.

हळूहळू सगळं निघालं. अक्काला इंग्रजी येत नाही, आणि दाजींना मोबाइल दुसऱ्याच्या हातात द्यायला आवडत नाही. त्यांचा मोबाइल बोलणारा. बोट फिरवलं की खालचं वाचून दाखवतो. पहिल्या महिन्यात सकाळी बरोबर सातला, नंबर सुरू व्हायच्या वेळेला, त्यांनी वेबसाइट उघडली, आणि मोबाइल काहीच बोलला नाही. त्यांच्या घरात नेटवर्कची एखादीच काडी येते. माझ्या त्या नाचऱ्या सूचना पोचल्याच नसणार. आपल्याला अशा वेळी पडद्यावर गोल फिरताना दिसतं आणि आपण चार शिव्या देऊन उठतो. गोल फिरतंय हे त्यांना कोण सांगणार? ते पाऊण तास त्या गप्प मोबाइलसमोर बसून राहिले, आता बोलेल मग बोलेल म्हणून.

दुसऱ्या महिन्यात ते जिना चाचपत स्लॅबवर गेले. तिथं नेटवर्क येतं. फॉर्म आला. त्यातल्या रिकाम्या जागांना मी नावं दिलेलीच नव्हती. दिसायला वर नाव होतं, पण ते चित्रात होतं. त्यांनी अंदाजानं पहिल्या जागेत नाव, दुसऱ्या जागेत नंबर लिहिला. तिसरी जागा कशाची ते कळेना. मग त्यांनी तिथं गाव लिहिलं. नंतर वय. नंतर पिनकोड. अक्काचं नाव. अकरा वेळा.

"तिसऱ्या महिन्यात काय म्हणत होतं?" मी विचारलं.

"तूच बघ," म्हणाले, आणि मोबाइल पुढं केला. तो त्यांनी मला पहिल्यांदाच दिला असेल. मी ओसरीच्या कडेला सरकलो, तिथं कशाबशा दोन काड्या आल्या; वेबसाइट उघडली, त्यांचा नंबर भरला आणि बोट फिरवलं. मोबाइल बोलायला लागला. पान इंग्रजी आहे असं मी त्याला आत कुठंतरी सांगून ठेवलं होतं. म्हणजे मी सांगितलं नव्हतं, जिथनं तयार नमुना उचलला त्यात ते तसंच होतं आणि मी बदललं नव्हतं. त्यामुळं मराठी शब्द आले की मोबाइल अडखळायचा किंवा गिळून टाकायचा. मधूनच तेवढं नीट ऐकू यायचं: चित्र. चित्र. चित्र. नाव नसलेलं बटण. नाव नसलेलं बटण. माझ्या चार रात्रींच्या कामाचं एवढंच वर्णन होतं. सगळ्यात खाली, मोबाइल वाचत नव्हता पण मला स्वच्छ दिसत होती, अशी लाल अक्षरांची ओळ होती. गैरवापरामुळे हा क्रमांक कायमचा बंद करण्यात आला आहे. शब्दही माझेच होते.

"काय लिहिलंय?" दाजींनी विचारलं.

"नेटवर्क न्हाई म्हणतंय, दाजी," मी म्हणालो.

पन्नाशीला आलेला माणूस आंधळ्या माणसाशी असं खोटं बोलू शकतो, हे मला त्या दिवशी समजलं.

नंतर कळलं की मध्ये एकदा ते एसटीनं एकटेच उमरग्याला येऊनही गेले होते. दवाखान्याच्या दारातल्या माणसानं पाटी वाचून दाखवली आणि परत पाठवलं. माझं दुकान तिथून दोन गल्ल्या पलीकडं. दुकानात का आला नाहीत म्हणालो, तर म्हणे तुझा धंद्याचा टाइम होता. आणि साल्यानं केलेल्या वेबसाइटवर नंबर लागत नाही असं दवाखान्यात कसं सांगायचं? मीठ कमी आहे म्हणायचं नाही, त्यातलाच प्रकार.

पुढच्या वेळी डॉक्टर आले तेव्हा मी दाजींना मागच्या दारानं आत नेलं. नंबरबिंबर काही लावला नाही. वेबसाइट करणाऱ्याला वेबसाइट लागत नाही. डॉक्टरांनी बराच वेळ बघितलं. बॅटरीचा उजेड डाव्या कोपऱ्यातून आत टाकला आणि विचारलं, दिसतोय का. दाजी म्हणाले, उजेड कुठल्या बाजूला टाकलाय ते सांगा म्हणजे बघतो. डॉक्टर खुर्चीत मागं टेकले. दाब फार वाढला होता, म्हणाले. गेलेली नजर परत येत नाही. आधी आला असता तर थेंब बदलले असते, कदाचित काही दिवस आणखी राहिली असती. तीन महिने का आला नाहीत?

मी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडं बघत होतो. सगळ्यात खालची ओळसुद्धा मला वाचता येत होती.

"आमच्याकडं नेटवर्क न्हाई हो डॉक्टरसाहेब," दाजी म्हणाले.

परत येताना मी गाडी ढाब्यापाशी थांबवली. अक्का मागच्या सीटवर बसली होती. डावी-उजवी बाजू आता तिला सारखीच. ती चहा सांगायला उतरली, तेव्हा मी दाजींना सगळं सांगितलं. लाल ओळ, कंपाउंडर, माझं हसणं. दारू प्यालेल्याचा विनोद तेवढा गाळला. महामार्गावरून एकामागं एक ट्रक जात होते, त्यामुळं मला दोनदा मोठ्यानं सांगावं लागलं.

दाजी म्हणाले, "किती वेळा म्हणलास?"

"अकरा."

"मला बारा वाटलं," ते म्हणाले. "अक्काला नको सांगूस. ती तुझ्याकडं यायची बंद होईल."

अक्का चहा घेऊन आली. कप त्यांच्या हातात देताना ती डाव्या बाजूलाच उभी होती. सवय.

त्यानंतरचे दोन आठवडे मी त्या वेबसाइटवर घालवले. पहिल्यांदा स्क्रिप्ट सगळी बंद करून पान उघडून बघितलं. कोरा पडदा. माझं कसब एवढंच होतं, हे मला कळायला इतकी वर्षं लागली. मग डोळ्यांवर रुमाल बांधून, बोलणारा मोबाइल हातात घेऊन दुकानात बसलो. गिऱ्हाइकं येऊन उभी राहायची आणि मला काही झालंय का विचारायची. पहिल्या दिवशी मला माझा स्वतःचा फॉर्म सापडला नाही. दुसऱ्या दिवशी सापडला, पण त्यातून बाहेर पडता येईना. शेवटी रुमाल सोडला. मी रुमाल सोडू शकत होतो, हाही एक फरक.

मग दाजींचा बंद केलेला नंबर पुन्हा चालू केला आणि एकेक काढत गेलो. उघडणारा डोळा काढला. सरकणारे फोटो काढले. फॉर्म साध्या पानावर आणला, एका काडीच्या नेटवर्कवरही उघडेल असा, स्क्रिप्ट पोचो न पोचो. प्रत्येक जागेला नाव दिलं: तुमचं नाव, मोबाइल नंबर, गाव. बटणाला नाव दिलं. पान मराठी आहे हे मोबाइलला सांगितलं, तेव्हा तो पहिल्यांदा माणसासारखा बोलला. चूक झाली तर काय चुकलं ते सगळ्यात वर शब्दांत लिहिलं, नुसत्या लाल रंगात नाही. वाकडी अक्षरं काढून टाकली. एका मोबाइलवर महिन्याला एकच नंबर, आणि शंका आली तर कंपाउंडरनं फोन करून विचारायचं, असं ठरवलं. कंपाउंडर कुरकुरला. मी त्याला म्हणालो, बोलून बघितलं की मशीन का माणूस ते लगेच कळतं, आपणच एकदा फोन केला असता तर कळलं असतं. मी कशाबद्दल बोलतोय ते न कळून तो बघत राहिला. त्याला मी अजून सांगितलेलं नाही.

मालकांना नवी वेबसाइट आवडली नाही. सरकारी फॉर्मसारखी दिसते म्हणाले, आधीची किती भारी होती. पाटी काढायला मात्र तयार झाले. चाळीसातले दहा नंबर दारात येणाऱ्यांसाठी ठेवायचं कबूल केलं. चपला चालतील का विचारलं तर चालतील म्हणाले, पण मागच्या बाजूला.

या सगळ्यानं दाजींचं काही भलं झालं असं मी म्हणणार नाही. त्यांना आता डॉक्टरांकडं जावं लागतं ते नजरेसाठी नाही, डोळा ठणकतो म्हणून. माणूस दुरुस्ती करतो तेव्हा ज्याचं मोडलं त्याच्यासाठीच करतोय असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात ती पुढच्या कुणाला तरी मिळते, आणि तो पुढचा आपल्याला ओळखतही नाही.

तरी परवा सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी दाजींचा फोन आला. नंबर लागला, सातवा. ओसरीवर बसून लावला, स्लॅबवर जावं लागलं नाही. कुणाला विचारावं लागलं नाही. मी विचारलं, सगळं नीट वाचतंय ना, काही अडलं का. ते म्हणाले, झकास केलंयस.

मी मोबाइल हातात घेऊनच स्वयंपाकघरात गेलो. बायको शेंगा फोडत बसली होती. तिला सगळं सांगितलं, सातवा नंबर, ओसरी, पाच मिनिटं, आणि शेवटी दाजी काय म्हणाले तेही सांगितलं. ते जरा सावकाश सांगितलं. तिनं मान वर केली नाही. हातातली शेंग फोडली, दाणे ताटात टाकले आणि म्हणाली, "झकास तर ते धोंड्याच्या ताटावरबी म्हणले होते. उद्याच्या पहिल्या गाडीनं जावा, आन् त्यांच्या शेजारी बसून ऐका."